शाळेचं उघडं दार



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात चांगलीच जुंपली होती. एकीची मावसबहीण कॅम्पातल्या ख्रिस्ती शाळेत जाते. "तिथे रोज सकाळी येशूची प्रार्थना असते. मग ती ख्रिश्चन होणार का?" असा हिचा प्रश्न. तिच्या बाकावरचा म्हणाला, "छे! तिथे नुसतं इंग्रजी शिकवतात!" डबे तसेच राहिले आणि प्रकरण माझ्या टेबलापाशी आलं.

सरळ उत्तर द्यायचं तर तिथेही गणित तेच, पाढे तेच आणि परीक्षेची धडधडही तीच. प्रार्थना असते, नाताळचं नाटक बसवतात. अनेक शाळांत ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा इतर मुलांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. आणि पालकहो, हे तुमच्यासाठी: आपल्या राज्यघटनेचं 28 वं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल लहान असेल तर ही संमती पालकांची लागते.

पण मुलांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. माझंही नाही. कारण हाच प्रश्न आपल्या पुण्यात 1893 साली फार मोठ्या आवाजात विचारला गेला होता. ती गोष्ट मी त्यांना सांगितली, तीच तुम्हाला सांगते.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांची बोलणी सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईकडून ते रमाबाईंकडे आलं. दुष्काळात आईवडील गेले. पुढे पतीही गेले. 1882 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या. तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट शिकून घेतली. बालवाडीत कसं शिकवायचं ते!

जर्मनीत फ्रोबेल नावाचे एक शिक्षक होते. लहान मुलांच्या शाळेला त्यांनी 'मुलांची बाग' म्हटलं. तिथे पाटीआधी हातात काय द्यायचं? तर लोकरीचे सहा रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, ठोकळा आणि नळकांडं. मूल ते गडगडवून बघतं. गोल पळतो, ठोकळा बसून राहतो, नळकांडं मात्र दोन्ही करतं! डी.एड.ला आम्ही फ्रोबेलचं नाव पाठ केलं, परीक्षेत टीपही लिहिली. पण ही पद्धत रमाबाईंनी थेट अमेरिकेत शिकून मराठी मुलींपर्यंत आणली होती, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. थोडी लाज वाटली, खरं सांगते.

11 मार्च 1889 ला मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. कुणासाठी? ज्यांचं लहानपणीच लग्न होऊन नवरा वारला, अशा मुलींसाठी. तुमच्या ताईएवढ्या, कधी तर तुमच्याएवढ्याच. शुभकार्यात त्यांनी पुढं यायचं नाही, धड जेवायचंही नाही, मग शिकणं तर दूरच. सदनात त्या वाचायला शिकल्या, हिशेब शिकल्या. इतर मुलींसारख्या हसायलाही शिकल्या असतील.

आता नीट ऐका हं. शाळा चालवणाऱ्या बाई ख्रिस्ती होत्या, पण शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. मुलींनी आपापले आचार पाळावेत. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत. काही मुली कुतूहलानं आत येऊन बसू लागल्या.

झालं! 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. बाई मुलींना धर्माकडे ओढतात, असा आरोप झाला. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलवत नाही, पण माझ्या घरातलं दार का लावू? 1893 मध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. पण काढून नेलेल्या मुलींचं काय झालं असेल, याचा विचार मला जास्त छळतो. पुन्हा तोच कोपरा, तीच चूल.

आणि ही गंमत बघा. सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. त्याच 1893 साली त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्यांनी त्यासाठी वर्गणी गोळा करत वणवण केली. एकाच वर्गातून कोण काय घेऊन जाईल, हे वर्गाच्या बाईंनाही सांगता येत नाही.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. ही मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, आणि आजही आहे. तिथल्या मुली अक्षरांबरोबर शेती, विणकाम आणि छापखान्यात खिळे जुळवणं शिकल्या. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना वाचायला शिकवलं. बोटांनी वाचणाऱ्या त्या मुली टोपल्याही विणत.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग गप्प होता. मग तीच मावसबहीणवाली म्हणाली, "बाई, त्यांनी दार लावून घ्यायला हवं होतं का?"

निम्मा वर्ग 'हो' म्हणाला, निम्मा 'नाही'. तिच्या बाकावरचा बराच वेळ डबा उघडझाक करत होता. तो म्हणाला, "लावलं असतं ना बाई, तरी मुलींनी खिडकीतून बघितलंच असतं."

तेवढ्यात घंटा झाली. तुम्ही कुठल्या बाजूचे ते मला लिहून कळवा. आणि हो, आईबाबांनाही विचारा बरं का!

तुमच्या बाई