‘ते काही औषध नव्हे’

रात्रीचे जेवण झाले की कोलेस्टेरॉलची गोळी. जेवण झणझणीत असेल तर त्यावर लगेच दोन चमचे गुलाबी पातळ औषध, कारण छातीत जळजळते आहे. ती गोळी रोझुवास्टॅटिनची असेल आणि गुलाबी औषधात अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असेल, तर रक्तात पोचणारे रोझुवास्टॅटिन जवळपास निम्म्यावर येते. उपाय अगदी साधा आहे. गोळीनंतर किमान दोन तास जाऊ द्यायचे आणि मग पित्ताचे औषध घ्यायचे. पण हे सांगणार कोण? ‘बाकी काय घेता?’ असे डॉक्टर विचारतात, तेव्हा ‘काही नाही’ हेच उत्तर ठरलेले. पित्ताचे औषध, काढा, चूर्ण, मुलीने ऑनलाइन मागवून दिलेल्या कॅप्सूल यांना आपण औषधांत मोजतच नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दावरचा भाबडा विश्वास इथे विशेष नडतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या स्टॅटिन वर्गातले पहिले रसायन जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात सापडले, तेच मुळी एका बुरशीत. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिनही बुरशीतलेच. ‘रेड यीस्ट राइस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांतले मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या हेच लोव्हास्टॅटिन. डॉक्टरांची गोळी चालू असताना जो ‘वनस्पतिजन्य’ म्हणून या गोळ्या घेतो, तो नकळत दोन स्टॅटिन घेत असतो, आणि दुसऱ्याची मात्रा नेमकी किती, हे डबीवरून कळेलच असे नाही.

बाकीचा गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी होतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचा निचरा आतडे व यकृतातले एक विकर करते. तेच विकर काही औषधे अडवून धरतात. मग स्टॅटिन रक्तात साचत जाते. नायट्यासाठी आठवडेच्या आठवडे घेतले जाणारे इट्राकोनाझोल त्यातले एक. घसा धरला की मागवले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन दुसरे. कागदोपत्री दोन्ही चिठ्ठीवरचीच, पण ‘मागच्या वेळी हीच दिली होती’ एवढे म्हटले तरी काउंटरवर पत्ता पुढे येतो. ग्रेपफ्रूटचा रसही हेच विकर थोपवतो. आपल्याकडचे पपनस त्याच्याच गोतातले, त्यातही ती द्रव्ये असतात. एखादी फोड खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. रोज पेलेच्या पेले रस पिण्याची सवय असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. नागपुरी संत्र्याबद्दल मात्र निश्चिंत असावे.

स्टॅटिन साचले की त्रास प्रथम स्नायूंना होतो. मांड्या, पोटऱ्या, खांदे दोन्ही बाजूंनी दुखतात, जिना चढताना पाय जड होतात. आणि आपण करतो काय? ‘वय झाले’ म्हणतो, आयब्युप्रोफेन घेतो, किंवा शेजाऱ्यांनी सुचवलेला योगराज गुग्गुळ सुरू करतो. जी खूण डॉक्टरांना दिसायला हवी, तीच अशी पुसली जाते. शिवाय हृदयरुग्णाच्या स्टॅटिनसोबत बहुधा अ‍ॅस्पिरिन असते. रक्ताची गुठळी रोखण्याचे तिचे काम नियमित आयब्युप्रोफेनने बिघडू शकते. साधी वेदना असेल तर ठरल्या मात्रेतले पॅरासिटामॉल त्या मानाने बरे.

गुग्गुळाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात त्याचा कोलेस्टेरॉलवरचा परिणाम सशांवर अभ्यासला गेला, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषधही तयार केले. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, घटले नाही, उलट थोडे वाढले. गुग्गुळ इतर औषधांचे रक्तातले प्रमाण बदलू शकतो, असेही आढळले आहे. परंपरेचा अवमान करण्याचे इथे कारण नाही. ज्या द्रव्यात गुण मानायचा, त्यात दोषही असू शकतो, इतकेच म्हणणे आहे. गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. २०२०च्या अखेरीस मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा संबंध डॉक्टरांनी गुळवेलीशी जोडला. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केले, वनस्पतीच्या ओळखीतच चूक झाली असावी असे म्हटले. वाद मिटला नसला, तरी स्टॅटिन घेणाऱ्याने काढा पीत असल्याचे सांगावे, यात वाद नसावा.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. असले काही वाचले की परस्पर गोळी बंद करणारे खूप असतात, आणि त्यात हृदयविकाराचा धोका खरा असतो. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांना जाणवणाऱ्या त्रासातला सुमारे ९० टक्के भाग नुसत्या नकली गोळीनेही उद्भवत होता! म्हणजे प्रत्येक दुखण्याचे खापर स्टॅटिनवर फोडता येत नाही. नक्की काय ते स्नायूंची इजा दाखवणारी रक्तातली सीपीके तपासणी आणि डॉक्टर ठरवतील. गरज वाटली तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातले सगळे पत्ते, डब्या, चूर्णाच्या पुड्या एका पिशवीत भरून न्याव्यात. नावे आठवून सांगण्यापेक्षा हे सोपे आणि बिनचूक. आपल्याकडे औषधे एका कायद्याखाली, पूरक आहार अन्नसुरक्षेच्या नियमांखाली. त्यामुळे दोन्ही एकाच नजरेखाली येण्याची जागा ती पिशवीच. एखाद्या औषधाचा दुष्परिणाम झाल्याची शंका आली तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. पण अंगदुखीसोबत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली असेल, तर स्नायू तुटून त्यांतला मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा पिशवी, फोन सगळे मागाहून. आधी रुग्णालय गाठावे.