लाउंजची खुर्ची आणि तिकिटाचा हक्क

छोट्या विमान कंपनीचे तिकीट काढणाऱ्या मुसाफिराला मोठ्या विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसू देतात की नाही, असा सवाल अलीकडे आमच्या बाजारात वारंवार ऐकू येतो. वरवर पाहता हा चैनीचा सवाल वाटेल. ज्याला गादीवर बसून हिशेब लिहायचा आहे, त्याला विमानतळावरच्या मऊ खुर्चीशी काय घेणे? परंतु या सवालामागे व्यापाऱ्याचा पैसा आहे, वक्त आहे आणि त्याचा हक्कही आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हाला जरुरीचे वाटते.

आम्ही फुलचूरचे कापड व्यापारी. आमच्यापासून जवळच असलेली बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये तयार केली. पण सामान्य मुसाफिराला तिथून तिकीट काढून विमानात बसण्यासाठी 13 मार्च 2022 या तारखेची वाट पाहावी लागली. त्या दिवशी फ्लायबिग या छोट्या कंपनीने इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू केली. एका टोकाला इंदूरचे तुकोजीराव क्लॉथ मार्केट, दुसऱ्या टोकाला हैदराबादचा बाजार, आणि मधोमध आपण! कापडवाल्याला याहून चांगला मार्ग कोणता? मात्र ही सेवा काही महिन्यांतच थांबली. पुढे 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने गोंदियाहून हैदराबादला उड्डाणे सुरू केली. लहान शहरांच्या मार्गावर कंपन्या येतात, जातात, वेळापत्रक बदलते, हे आपण पाहिलेच आहे.

याचे कारणही समजून घेतले पाहिजे. ‘उडान’ योजना 2016 मध्ये जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान 27 एप्रिल 2017 रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडाले. एका तासाच्या उड्डाणाला सुमारे 2,500 रुपये भाडे, तेही निम्म्या जागांवर, आणि कंपनीचा तोटा भरून काढण्यासाठी सरकारकडून तीन वर्षे मदत, अशी तिची मूळ रचना होती. भाडेच एवढे बांधलेले असेल तर कंपनी मुसाफिराला चहा, नाश्ता आणि लाउंज कुठून देणार? दुकानदार कमी नफ्यावर माल विकतो तेव्हा वर शरबत पाजत नाही. यात कंपनीला दोष देण्यासारखे काही नाही.

आता मूळ सवाल. लाउंज बहुधा विमान कंपनीचा नसतो. विमानतळाकडून जागा घेऊन दुसरीच कंपनी तो चालवते आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे कोणाकडून तरी पैसे वसूल करते. मोठ्या विमान कंपन्या आपल्या बिझनेस क्लासच्या आणि नेहमीच्या खास मुसाफिरांसाठी ते पैसे भरतात. बाकीच्यांसाठी बँक किंवा कार्ड कंपनी भरते. दारावर बसलेला माणूस त्या दिवसाचा बोर्डिंग पास पाहतो, कार्ड मशीनला लावतो, 2 रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापून घेतो आणि आत सोडतो. विमान कोणाचे आहे याच्याशी सहसा त्याला मतलब नसतो. सत्तर खुर्च्यांच्या छोट्या विमानाचा मुसाफिर असो की मोठ्या जेटचा, कार्ड चालत असेल तर दोघे एकाच रांगेत उभे राहतात. तेव्हा छोट्या कंपनीचे तिकीट हातात आहे म्हणून कोणी स्वतःला कमी समजू नये. फक्त आपल्या कार्डावर कोणता लाउंज चालतो, तीन महिन्यांत किती वेळा चालतो आणि उड्डाणाच्या किती तास आधी आत घेतात, एवढे घरून निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. सोबत मुलगा किंवा कारागीर असेल तर त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात.

पण व्यापारी बंधूंनो, ‘फुकट’ या शब्दाला आपण बाजारात जसे पारखतो तसेच इथेही पारखले पाहिजे. आयसीआयसीआय बँकेने 1 एप्रिल 2024 पासून आपल्या अनेक कार्डांवर अशी अट घातली की आधीच्या तिमाहीत 35,000 रुपये खर्च केलेले असतील तरच पुढच्या तिमाहीत लाउंज मिळेल. इतर बँकांनीही अशाच अटी आणल्या. म्हणजे एक प्लेट इडली आणि दोन कप चहासाठी आधी हजारोंची खरेदी दाखवायची! आणि ते बिल वेळेवर फिटले नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांवर सूद चढतो. ज्या समाजात सुदाच्या पैशापासून दूर राहण्याची शिकवण घराघरात दिली जाते, त्या समाजाच्या तरुणाने लाउंजच्या मोहापायी या फेऱ्यात सापडावे, हे आम्हाला बरे वाटत नाही. ज्याच्याजवळ कार्ड आहे आणि जो पै न पै वेळेवर फेडतो, त्याने खुशाल लाउंजमध्ये बसावे. लाउंजसाठी कार्ड घेणे मात्र तोट्याचा सौदा आहे.

शिवाय या सोयीचा भरवसाही नाही. बँका आणि लाउंज यांच्यामध्ये दलालाचे काम करणाऱ्या ड्रीमफोक्स या बड्या कंपनीने सप्टेंबर 2025 मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. मेहरबानीने मिळालेली वस्तू अशीच एका दिवसात जाऊ शकते.

हक्काची गोष्ट निराळी असते. गोंदिया जंक्शनवर मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्यांची वाट पाहत आपल्या बापदादांनी रात्री काढल्या. तिथल्या वेटिंग रूमचे दार तिकीट दाखवून उघडत असे, बँकेची चिठ्ठी कोणी मागत नसे. विमानाच्या तिकिटालाही असे काही हक्क जोडलेले आहेत, पण ते फार थोड्यांना ठाऊक आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतचे उड्डाण दोन तास किंवा अधिक उशिरा सुटणार असेल तर वेळेवर हजर झालेल्या मुसाफिराला खाणेपिणे मोफत द्यावे लागते. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी एक मागता येते. वेळेत कळवल्याशिवाय उड्डाण रद्द केले तर भरपाईही आहे: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. हे नियम छोट्या कंपनीलाही लागू आहेत.

यात व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याची एक बाब फार महत्त्वाची आहे. पुढचे विमान चुकल्याची भरपाई, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तरच मागता येते. समजा, आपल्यातील एकजण लग्नसराईच्या मालासाठी गोंदियाहून हैदराबाद आणि तिथून सुरत असा निघाला. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी त्याने दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली. पहिले विमान तीन तास उशिरा सुटले आणि दुसरे निघून गेले. पहिली कंपनी म्हणेल, आम्ही तुम्हाला हैदराबादला पोहोचवले. दुसरी म्हणेल, तुम्ही वेळेवर आला नाहीत. खिशातल्या कार्डावर लाउंजची खुर्ची मिळेलही, पण नवे तिकीट, हॉटेलचे भाडे आणि हातून गेलेला सौदा हे सारे त्याच्याच खात्यावर पडेल. म्हणून मिळत असेल तर एकच तिकीट घ्यावे, थोडे महाग पडले तरी. ते मिळत नसेल तर दोन उड्डाणांत भरपूर अंतर ठेवावे. बोर्डिंग पास आणि कंपनीचा प्रत्येक संदेश जपून ठेवावा, आणि कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवावी.

शेवटी मागणी काय करावी, तेही सांगतो. छोट्या विमानतळांवर लाउंज हवा असा आमचा आग्रह नाही. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, तिथे चहा 10 रुपयांना आणि समोसा 20 रुपयांना ठेवला गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईलाही असा कॅफे उघडला. ना कार्डाची अट, ना क्लासचा भेद. जिथे जिथे छोट्या कंपन्यांची विमाने उतरतात, तिथे असा रास्त भावाचा चहा, स्वच्छ पाणी, बसायला पुरेशा खुर्च्या आणि उशिराची खरी माहिती देणारा एक माणूस, एवढा इंतजाम असलाच पाहिजे. बिरसीसाठी हीच मागणी गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी, कापडवाल्यांनी, राइस मिलवाल्यांनी आणि कारागिरांनी एकत्र येऊन विमानतळ प्राधिकरणाकडे लेखी करावी. बँकेने कोणाला खुर्ची द्यावी हे बँकेने ठरवावे. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला सन्मानाने बसता आले पाहिजे, हे मात्र आपणच मागून घ्यावे लागेल.