थांबलेलं दिसणारं चाक

मंडळी, आजचा विषय यंत्रांकडचा आहे, पण लगेच पळून जाऊ नका. मी स्वतः कलाशाखेची. मला समजलं ते तुम्हाला नक्की समजेल!

माझा भाचा टर्बाइनच्या कामात आहे. फिरत्या पात्यांची थरथर प्रकाशाने कशी मोजतात हे त्याने मला दिवाळीत दोन तास बसून समजावलं. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. कुठलंही मापनयंत्र शिकवताना ते काय दाखवतं याच्या आधी ते कुठे फसवतं हे शिकवावं. आपल्याकडे उलटं चालतं. फसवणुकीचा भाग 'टीप' म्हणून तळाशी, बारीक अक्षरात. परीक्षेला नसतो, म्हणून कोणी वाचत नाही.

फिरत्या पात्याला हात लावून काही बघता येत नाही. ताण मोजणारी पट्टी पात्यावर चिकटवतात, पण फिरत्या भागावरून तिचा संदेश बाहेर आणणं हा मोठा खटाटोप, आणि एकूण एक पात्याला ती लावणं परवडत नाही. म्हणून दुसरी युक्ती. पात्यांभोवतीच्या कवचाला बारीक भोक पाडून त्यातून प्रकाशकिरण आत सोडायचा. पात्याचं टोक समोरून गेलं की प्रकाश परततो आणि त्या क्षणाची नोंद होते. बस्स, एवढंच! फिरण्याचा वेग माहीत असला की प्रत्येक पात्याने केव्हा यायला हवं ते गणिताने ठरतं. थरथरणारं पातं किंचित आधी येतं किंवा किंचित उशिरा. शाळेच्या फाटकात घड्याळ घेऊन उभे राहिलेले हेडमास्तर आठवा. टोक सेकंदाला ३०० मीटर वेगाने धावत असेल, तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा उशीर म्हणजे पातं ०.३ मिलिमीटर मागे राहिलं. इतकं बारीक!

आता यातली मेख. एक किरण एका फेरीत पात्याला एकदाच बघतो. समजा, पातं एका फेरीत नेमकं चार वेळा डोलतंय. मग दर फेरीला किरणासमोर येताना ते डोलण्याच्या त्याच टप्प्यावर असणार. नोंद दर वेळी सारखीच. पातं जोरात हलतंय, आणि पडद्यावर मात्र सरळ रेष! गंमत म्हणजे (गंमत कसली...) फेऱ्यांशी अशी जुळलेली थरथरच फार घातकी असते. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा, तसं तिला बळ मिळत राहतं. यावर उपाय आहे. कवचाभोवती कमीजास्त अंतरावर अनेक किरण बसवतात, वेग हळूहळू बदलत नोंदी घेतात. पण उपाय तोच करील, ज्याला फसवणूक ठाऊक आहे.

पातं मोडलं तर काय होतं? १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनातलं, २४ पात्यांपैकी एक पातं हवेतच तुटलं. खिडकी फुटली आणि एक प्रवासी दगावली. ते पातं बुडाशी धातू थकून तडकलं होतं. हा किरण असता तर ते टळलं असतं, असं मी म्हणत नाही. एका पात्याची किंमत काय असते, एवढंच सांगते.

लेसरची तऱ्हा वेगळी. परतलेल्या लेसरच्या लहरींत पडलेल्या फरकावरून थरथर मोजतात. पण फिरत्या खडबडीत पृष्ठभागावरून तो प्रकाश दाणेदार होऊन परततो, आणि ती दाणेदार नक्षी दर फेरीला तशीच पुन्हा येते. मग थरथर नसतानाही यंत्र थरथर दाखवतं. म्हणजे एक असलेलं लपवतं, दुसरं नसलेलं दाखवतं!

हे फक्त मोठ्या यंत्रांपुरतं आहे असं समजू नका. साधी जुनी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. लेथचा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर तेवढ्या वेळात तो बरोबर एक तृतीयांश फिरतो. एका जबड्याच्या जागी दुसरा येतो आणि चक थांबल्यासारखा भासतो. तिथे नवशिक्या पोराने हात घातला तर? म्हणून कारखान्यात शेजारशेजारचे दिवे वीजपुरवठ्याच्या वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत पडली. लखलखणाऱ्या दिव्याने फिरतं यंत्र 'थांबवून' तपासायची विद्या अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात नावारूपाला आणली, तिचं तत्त्व हेच. फेऱ्यांच्या निम्म्या गतीने दिवा लखलखला तरी चाक थांबलेलंच दिसतं, हे मात्र विसरायचं नाही. म्हणून एका पात्यावर खडूची खूण करायची आणि लखलखाट दुप्पट करून बघायचा. एकाच्या दोन खुणा दिसल्या, तर आधीचा आकडा खरा असू शकतो. एकच राहिली, तर तो नक्की कमी होता.

भाचा सांगतो, नवे इंजिनिअर पडद्यावर सरळ रेष दिसली की खूश होतात. तो त्यांना आधी विचारतो, किरण किती आणि कुठे कुठे बसवलेत? मला त्याचं कौतुक आहे. पण हा प्रश्न त्या मुलांनी पहिल्यांदा नोकरीत ऐकावा, हे काही बरं नाही. नववीच्या वर्गात पुठ्ठ्याची चकती कापून, तिला आठ फटी पाडून, मधे पेन्सिल खोचून फिरवता येते. तिच्यातून जाळीतल्या टेबलफॅनकडे बघायचं आणि मुलांना विचारायचं, पंखा चालू आहे की बंद? नातवंडं मे महिन्यात येणार आहेत. पुठ्ठा आणून ठेवलाय.