आठव्या महिन्याचे बाळ आणि त्याचा श्वास

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत एका भगिनीला आठव्या महिन्यातच जुळे झाले. मुलगी जन्मताच खणखणीत रडली. मुलगा मात्र धापा टाकू लागला. त्याला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू द्यावा लागला. तो वाचला, पण घरात बोलणी सुरू झाली. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. सुनेनंच कायतरी केलं असंल."

भगिनींनो, यात आईचा काय दोष?

बाळाच्या फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. श्वास सोडताना ते चिकटून बसू नयेत म्हणून आतून एक द्रव पाझरतो. साधारण 35 व्या आठवड्यापर्यंत तो पुरेसा होतो. म्हणजे दिवस जितके जास्त भरतील तितके चांगले. आठव्याचे बाळ सातव्यापेक्षा बळकटच असते.

मग मुलालाच त्रास जास्त का? मुलाच्या शरीरात गर्भातच पुरुषी हार्मोन तयार होते. त्यानेच तो मुलगा म्हणून घडतो. पण तेच हार्मोन हा द्रव तयार होणे लांबवते. स्त्री-हार्मोन उलट त्याला मदत करते. म्हणून तेवढ्याच दिवसांच्या मुलीपेक्षा मुलाची फुप्फुसे सुमारे आठवडाभर मागे असतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक 1963 साली साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांत गेला. सत्ता होती, पैसा होता, इलाज नव्हता.

आज इलाज आहे. आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी 1972 साली दाखवले. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोनची 4 इंजेक्शने, 12-12 तासांनी, द्यावीत असे भारत सरकारने 2014 साली ठरवले. मुलगा असो की मुलगी, इंजेक्शन तेच. पोटात काय आहे हे विचारूच नका. तो गुन्हा आहे.

मात्र इंजेक्शनचा गुण यायला वेळ लागतो. म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका. दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेले, रक्त दिसले, तर 108 ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि मुली चिवट म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष नको. बाळ कोणतेही असो, श्वास घेताना कण्हत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर घरी थांबू नका.

सासूबाईंनो, सुनेला बोल लावण्यापेक्षा तिच्यासोबत रिक्षात बसा.