झडपेसाठी तीन कोटेशने

मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅसकडे किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो: गोव्यात पर्वरीलाही त्याच न्यायालयाचे खंडपीठ आहे, मग उद्या आमच्या फेणीच्या भट्ट्यांचे काय? तो आदेश मुंबईपुरता आहे. डिचोली-पेडण्याच्या काजूबागांतल्या भट्ट्यांना तो लागू नाही. पण तोंडातून, धुराड्यातून, चिऱ्यांच्या फटींतून चहूकडून धूर सोडायचा आणि वर त्याला परंपरा म्हणायचे, हे फार दिवस खपणार नाही. गॅस आणा म्हणणाऱ्यांनी १९ किलोचा सिलिंडर पायवाटेने डोंगरावर चढवून दाखवावा. आपल्याला हवी आहे खाली जाळी, राखेच्या खणाला दार आणि धुराड्यात झडप.

हेच करायला निघालेल्या सुर्ल्याच्या एका वाचकाची हकिगत ऐका. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तसा हा गृहस्थ वडिलांच्या बागेत परतला. भट्टीही वडिलांच्याच वेळची. सुधारणेसाठी अनुदान मिळते असे कळले म्हणून त्याने एका कचेरीत अर्ज केला. उत्तर मिळाले की झडप 'यंत्रसामग्री'त मोडत नाही. तिला त्यात बसवायचेच असेल तर जीएसटी क्रमांक असलेल्या तीन पुरवठादारांची कोटेशने आणा, शिवाय झडपेची क्षमता लिहून द्या. वीतभर रुंदीच्या लोखंडी पत्र्याची क्षमता! तो पत्रा गावचा लोहार चहा पिता पिता कापून देतो. त्याच्याकडे ऐरण आहे, जीएसटी क्रमांक नाही. गॅस बर्नर मागितला असता तर कागद लगेच पुढे सरकला असता, असेही त्याला वर ऐकवण्यात आले. भाण, म्हणजे रस उकळायचे भांडे, मोजायला आणि ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, तपासायला माणसे येतात. भाणाच्या खाली वाकून कोणी बघत नाही.

अनुदानाची वाट न पाहता काम करणाऱ्यांसाठी क्रम सांगतो, कारण तो चुकला की पैसे वाया जातात. आधी फटी. पावसाळ्यात चिऱ्यांचे सांधे उघडतात. त्यांतून हवा शिरत असेल तर झडप हलवून जाळावर काडीचा परिणाम होणार नाही. सांधे लिंपल्यावर जाळी आणि तिच्याखालचे राखेचे दार, कारण आच कमी-जास्त करायची ती इथून. धुराड्यातली झडप शेवटी. ती ओढ कमी करते, भाणाला न लागताच वर पळणारी उष्णता अडवते. विस्तव विझवणे हे तिचे काम नव्हे. तिचा एक कोपरा कापून ठेवाच. पूर्ण मिटली तर निखाऱ्यांचा विषारी वायू खोपीत साचतो, आणि त्याला वास नसतो.

पेटवताना राखेचे दार आणि झडप दोन्ही उघडी. भाण तापून नळीतून पहिले थेंब उतरू लागले की राखेचे दार दोन बोटांवर आणायचे. झडपेला तोवर हात नको. दार फार आवळले तर लाकडातले वायू न जळताच बाहेर पडतात आणि धुराड्यात काजळी-डांबर धरते. म्हणून लाकूड घालायच्या तोंडाच्या पत्र्याला चार भोके हवीत, म्हणजे जाळाला वरूनही हवा मिळेल. आज आपण करतो काय, तर जाळ चढला की ओंडका ओढून काढतो किंवा पाणी मारतो. पाण्याने चिरा तडकतो. जाळ आवरेपर्यंत निरो, म्हणजे काजूचा रस, उसळून दारू गोळा होते त्या लावणीत उतरलेला असतो, नाहीतर बुडाला लागलेला असतो. मग जळक्या वासाची उर्राक, म्हणजे पहिल्या उकळीची दारू, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची.

धुरामुळे फेणीला चव येते, असे अजून सांगणारे भेटतात. भाणाचे तोंड नीट लिंपलेले असेल तर धूर आत जाणार कुठून? आणि तुमच्या भाणात जात असेल, तर त्याच वाटेने दारूची वाफ जाळाकडे येते आहे, त्याची आधी काळजी करा.

लाकडाबद्दल एकच. ओल्या ओंडक्यातले लिटरभर पाणी उकळून नुसते वाफेत घालवायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, आणि ते लाकूड तुम्ही विकत घेतलेले असते. मार्चमध्ये तोडलेले मार्चमध्येच जाळणाऱ्याला जगातली कुठलीही झडप वाचवू शकत नाही. दिवाळीआधी रचून झाका.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये फेणी धोरण आले. सभांतून त्याचे हारतुरे भरपूर झाले. त्याच सभांत भट्टीचा विषय निघाला की आपलेच जुने सभासद 'बापजाद्यांनी केले तेच बरे' म्हणून उठून जातात. त्या बापजाद्यांना लाकूड दारात मिळत होते. आज साधे झाड तोडायचे तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

तेव्हा या मोसमात प्रत्येकाने एवढे करावे. झडप बसवण्याआधी एका उकळीचे लाकूड वजनकाट्यावर तोलावे आणि बसवल्यावर तेवढ्याच निऱ्याच्या उकळीचे पुन्हा. दोन्ही आकडे, भाणाचे माप आणि लाकडाची जात आम्हाला लिहून कळवा. मे अखेरपर्यंत आलेले सगळे तक्ते जूनच्या अंकात छापू. सुर्ल्याच्या वाचकाला परत पाठवणाऱ्या कचेरीत तो अंक आम्ही स्वतः नेऊन देऊ, आणि सोबत लोहाराची साधी पावती मान्य करावी असा अर्ज. त्या अर्जावर सह्या हव्यात. सह्यांसाठी कोरा कागद या अंकाच्या मधल्या पानात आहे.