मान्यानीची धाव

‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) पाहिला नसेल, तर आधी तो पाहा. लग्नाच्याच दिवशी होणाऱ्या नवऱ्याला जर्मन सैनिक ट्रकमधून नेतात. गरोदर पीना जिवाच्या आकांताने हाका मारत मागे धावते. गोळी लागते, ती भर रस्त्यात कोसळते आणि तिचा लहानगा मुलगा तिच्या अंगावर झेपावतो. अभिनेत्री आन्ना मान्यानीने ही बाई नुसती उभी केली नाही, ती जगली. विस्कटलेले केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. तथाकथित सौंदर्याची तिला गरजच पडली नाही. नाटककार टेनेसी विल्यम्सने ‘द रोझ टॅटू’ तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. इंग्रजीच्या धास्तीने नाटक तिने नाकारलं. पुढे त्याच भूमिकेने, चित्रपटात, तिला ऑस्कर मिळवून दिलं. १९७३ मध्ये ती गेली, तेव्हा अंत्ययात्रेला अख्खं रोम लोटलं होतं.