ऐकलं, पाहिलं, पुढे पाठवलं

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईसुद्धा चुकतात बरं का!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेच्या फाटकासमोर एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत दोन-तीन मुली त्यांच्याशी बोलल्या. कुणीतरी त्यांचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘मुलं पळवणारी टोळी पिंपळगावात आली आहे. सगळ्यांना पाठवा.’ मी घाबरले. तो फोटो माहेरच्या ग्रुपवर पाठवून मोकळी झाले.

संध्याकाळी कळलं, त्या तर बोहारीण! जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या. दरवर्षी येतात. आमच्या शेजारच्या काकूंचं मोठं पातेलं त्यांच्याकडूनच घेतलेलं.

पुढच्या आठवड्यात त्या भेटल्या. म्हणाल्या, “ताई, आता कुणी दारात उभं करत नाही. तो फोटो पुसता येतो का हो?”

मी माझ्याकडचा पुसला. पण बाकीच्यांकडचा? चला, फळ्यावर गणित मांडू. एकाने 5 जणांना निरोप पाठवला. त्या प्रत्येकाने आणखी 5 जणांना. झाले 25. मग 125, 625, 3,125. सहाव्या पायरीला 15,625! पाठवायला बोटाचा एक टिचका लागतो. परत आणायला 15,625 हूनही जास्त दारं ठोठवावी लागतील.

आणि कधी कधी परत आणायची वेळच उरत नाही. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांवर लोकांना संशय आला. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्यांचीही मुलं घरी वाट बघत असतील, हे कुणाच्या मनात आलं नाही.

त्याच सुमारास आपल्या मालेगावातही असाच जमाव एका कुटुंबावर धावून गेला. त्यांच्यात एक लहान बाळ होतं. पण तिथल्याच एका गृहस्थांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना सोडवलं. अफवा तीच, पण एक माणूस थांबला, म्हणून जीव वाचले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन जाहीर केलं. पण पाचाचं काय होतं, ते आपण फळ्यावर पाहिलंच!

बदनामी माणसांचीच होते असं नाही. हंगामात आपल्या बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटच्या राशी लागतात ना? मे 2020 मध्ये पुणे-नगरकडच्या टोमॅटोवर रोग पडला. फळं एकसारखी लाल होईनात. शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. लगेच बातमी पसरली, की हा विषाणू कोरोनाहून घातक आहे! खरं तर झाडांना होणारे हे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत. शास्त्रज्ञांनी तसं सांगितलंही. पण तोवर लोक टोमॅटो घ्यायला कचरू लागले होते. नुकसान कुणाचं? तुमच्यासारख्याच एखाद्या मुलाच्या बाबांचं.

मग आपण काय करायचं? निरोप आला की तीन प्रश्न विचारायचे. हे स्वतःच्या डोळ्यांनी कुणी पाहिलं? कधी आणि कुठे? आणि हे खोटं निघालं, तर कुणाचं वाईट होईल? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत बोट खिशात! खरोखरच काही संशयास्पद दिसलं, तर घरच्या मोठ्यांना सांगा. 112 वर पोलिसांना किंवा 1098 या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा. ग्रुपवर टाकणं म्हणजे मदत करणं नव्हे.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. मुलं आपलं बोट बघूनच शिकतात.

मी काय केलं, तेही सांगते. ज्या ज्या ग्रुपवर तो फोटो मला दिसला, तिथे लिहिलं, ‘या बोहारीण आहेत. मी चौकशी न करता फोटो पुढे पाठवला. माझी चूक झाली.’ लिहिताना लाज वाटली. पण घरातल्या जुन्या साड्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत. त्या पुन्हा येतील, तेव्हा आमच्या ओट्यावर त्यांना बसवून चहा देणार आहे, सगळ्या गल्लीला दिसेल असा!

तुमच्या हातून कधी असं झालंय का? झालं असेल, तर आजच जाऊन दुरुस्त करा.

तुमची,
बाई